प्रस्थानातला पंप

उन्मेषराव टिपणिसांना हसताना बडोद्यात कुणी पाहिलेलं नव्हतं. रडताना पाहिल्याचंही कुणी सांगत नाही. गोरव्याच्या ज्या कारखान्यात ते एकोणतीस वर्षं व्हॉल्व्ह तपासत होते, तिथली गुजराती मंडळी त्यांना पाठीमागे 'ठंडाभाई' म्हणायची. पुढे तोंडावरही म्हणू लागली, कारण त्याने त्यांना काही फरक पडत नाही हे सगळ्यांना कळून चुकलं होतं. कामही तसंच होतं. व्हॉल्व्हमध्ये हवा भरायची, सांध्याला साबणाचं पाणी लावायचं आणि बुडबुडा येतो का ते बघत बसायचं. आला की माल परत, नाही आला की शिक्का. यात हसण्यासारखं काही नाही, रडण्यासारखंही नाही.

आता माणूस काही जन्मतः असा नसतो. उन्मेषराव सहा वर्षांचे असताना मांडवीजवळच्या एका डॉक्टरांनी त्यांच्या छातीला नळी लावून सांगितलं होतं, "याला फार हसवू नका, फार रडवू नका. दोन्हींनी श्वास चढतो." ते डॉक्टर गेले, त्यांचा दवाखाना गेला, तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. पण टिपणिसांच्या घरात हुकूम म्हणजे हुकूम. कुणी पाहुणा गमतीची गोष्ट सांगायला लागला की आई डोळ्यांनी दटावायची. पोरगं ओठ काढू लागलं की मागेल ते हातात. पुढे औषधं सुधारली, तोंडात फवारायचे पंप आले, नवे डॉक्टर म्हणाले, खुशाल हसा. तोवर सवय हाडात मुरली होती. ज्याने जन्मभर दोन्ही टोकं टाळली, त्याला मध्ये काय असतं तेही फारसं कळत नाही. कसं वाटतंय, असं विचारलं की ते म्हणत, "ठीक." आणि ते खोटं नसे.

या दुखण्याला घरात नाव मात्र होतं 'सर्दी'. वडील रमाकांतराव, वय ब्याऐंशी, सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्यांचे आजोबा संस्थानच्या दफ्तरात होते, आणि ते दफ्तर अजून रमाकांतरावांच्या अंगात होतं. "टिपणिसांच्या सात पिढ्यांत दमा नाही," ते सांगत. "ही सर्दी. जुनाट आहे, एवढंच." म्हणून मग सर्दीचा पंप, सर्दीच्या गोळ्या आणि सर्दीसाठी रात्री उठून बसणं. लग्न ठरताना मुलीकडच्यांनाही सर्दीच सांगितली गेली. मोहनाबाईंना या सर्दीचा पूर्ण अर्थ पहिल्या हिवाळ्यात कळला. त्यांनी नवऱ्याच्या उशाशी आणखी दोन उशा ठेवल्या.

अडचण एवढीच की सर्दीला कुणी भीत नाही. 'मला दमा आहे, उदबत्ती विझवा' असं म्हणता येतं. 'मला सर्दी आहे, होम विझवा' असं कोण म्हणणार? म्हणून धूर दिसला की उन्मेषराव काही न बोलता उठून जात. आईच्या दहाव्यालाही असेच उठले होते. तीन वर्षांपूर्वी एकुलती एक लेक, आभा, ग्वाल्हेरला दिली. ती सासरी निघाली तेव्हा सगळे रडत होते आणि बाप मांडवामागे जनरेटरपाशी उभा राहून पंप ओढत होता. जागा निवडतानाही नशीब बघा, जनरेटरचा धूर. लग्नाच्या आल्बममध्ये पाठवणीच्या चौदा फोटोंत ते नाहीत. व्याह्यांकडे मत पक्कं झालं: मुलीचे वडील तुसडे आहेत.

या जानेवारीत, एका रविवारी, आभाला मुलगी झाली. डॉक्टरांनी तिला प्रवास मना केला होता, म्हणून पहिलं बाळंतपण माहेरी व्हायच्या ऐवजी आईच महिनाभर आधी तिकडे गेली होती. बारसं बाराव्या दिवशी, गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता. आभाचा फोन आला.

"बाबा, एकच सांगते. या वेळी मध्येच उठून जायचं नाही. बाळाला पाळण्यात घालून नाव ठेवेपर्यंत समोर बसायचं."

"बरं."

"नुसतं बरं नको. इथे सगळे म्हणतात, तुझ्या बाबांना काही वाटतच नाही. मी तीन वर्षं ऐकतेय."

"बसेन," ते म्हणाले.

फोन ठेवल्यावर आपल्याला आनंद होतोय का, हे त्यांनी जरा तपासून पाहिलं. काही हाती लागलं नाही. पण हे एक काम बिनचूक व्हायला हवं, एवढं मात्र त्यांना कळत होतं. बारशाला वेळेत पोचायचं आणि शेवटपर्यंत बसायचं.

ग्वाल्हेरची थेट गाडी बुधवारची. तिकीट काढून झालं आणि रमाकांतरावांनी पंचांग काढलं.

"बुधवारी उत्तरेकडे दिशाशूल," ते चष्मा पुसत म्हणाले. "त्या दिशेला त्या दिवशी निघायचं नसतं."

"नाना, दुसरी गाडी नाही."

"गाडी बदलायला कोण सांगतंय? सोमवारी सकाळी प्रस्थान ठेवू."

टिपणिसांच्या घरात हे पूर्वापार चालत आलेलं. ज्या दिवशी निघायचं तो दिवस वाईट असला, तर आधीच्या चांगल्या मुहूर्तावर प्रवाशाची एखादी वस्तू पुडक्यात बांधून दुसऱ्याच्या घरी ठेवायची. म्हणजे माणूस शास्त्राने निघाला, देहाने मागाहून निघेल. नियम तीन. वस्तू अशी हवी की जिच्याशिवाय त्या माणसाचं अडतं. पुडकं उचलल्यावर परत घरी यायचं नाही. आणि गावाची शीव ओलांडेपर्यंत ते सोडायचं नाही. उन्मेषराव पदवीच्या तोंडी परीक्षेला मुंबईला गेले तेव्हा प्रस्थानात त्यांचं पेन होतं. लग्नाला निघाले तेव्हा मनगटी घड्याळ होतं, त्यामुळे नवरदेव दोन दिवस वऱ्हाडाला किती वाजले ते विचारत फिरला.

पुडकं ठेवायचं घरही ठरलेलं. हरणीच्या सोसायटीत राहायला येण्याआधी टिपणीस घडियाळी पोळेत, जुन्या शहरातल्या एका गल्लीत, राहत होते. तिथले शेजारी उदयसिंहराव अजून तिथेच होते. सोमवारी उन्मेषराव कामावर गेलेले असताना रमाकांतराव रिक्षाने पोळेत जाऊन, नऊ चाळीसच्या मुहूर्तावर पुडकं ठेवून आले. आत काय आहे ते मुलाने विचारलं नाही. असेल एखादा शर्ट.

बुधवारी सकाळी निघताना त्यांनी खिशातला निळा पंप हलवून पाहिला. दोन-चार फवारे उरले असतील. काही हरकत नव्हती. दाराजवळच्या खणात नव्या पंपाचा खोका होता. तो उचलून हातातल्या बॅगेत टाकला, वडिलांच्या पाया पडले आणि रिक्षा केली. उत्तरायण होऊन पंधरवडा झाला होता, तारांवर फाटके पतंग अजून लोंबत होते.

घडियाळी पोळेत उदयसिंहरावांनी पुडकं आणून दिलं. जुन्या धोतराचं फडकं, त्यावर सुतळीच्या गाठी. नेमका तेव्हाच मोबाइल वाजला. दहा पन्नासची गाडी दोन वाजता सुटणार होती. त्यांनी घरी फोन लावला.

"नाना, गाडी तीन तास लेट आहे. घरी येऊन बसतो."

"पुडकं घेतलंस?"

"घेतलं."

"मग घरी येता येणार नाही. निघालेला माणूस घरी येत नसतो."

"तीन तास कुठे जाऊ?"

"स्टेशनवर बस. स्टेशन त्यासाठीच बांधलंय."

उदयसिंहराव म्हणाले, "निदान चहा तरी." मग स्वतःच म्हणाले, "नाही, आता थांबायचं नसतं," आणि दार लावून घेतलं.

बडोद्यात ऊन लख्ख पडलं होतं. धुकं होतं ते पार उत्तरेला. तिकडून यायची गाडी धुक्यात अडली, तिचेच डबे परत जाणार होते, म्हणून इकडची माणसं उन्हात खोळंबली. फलाटावर गार वारा होता, आणि एक बाई एवढ्या मन लावून झाडत होती की धूळ एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाऊन परत येत होती. उन्मेषरावांनी नाकावर रुमाल धरला आणि एका बाकावर जागा धरली. पुडकं मांडीवर.

बाकावर आधीच एक पंचेचाळिशीचा गृहस्थ आणि शालीत गुंडाळलेलं काहीतरी बसलेलं होतं. गृहस्थाने विचारायच्या आधीच सांगितलं: नाव समरजित, राहणार ग्वाल्हेर, बडोद्याला मामाकडे आलो होतो, आणि ही शाल म्हणजे आमच्या मातोश्री, कमळाबाई. शालीतून एक हात नमस्कारासाठी बाहेर आला आणि परत आत गेला.

"आपण?"

"बारशाला. नात."

"वा. मग चेहरा असा का? पेपर द्यायला निघाल्यासारखा?"

"असाच आहे," उन्मेषराव म्हणाले.

घोषणा झाली. गाडी आता सव्वातीनला. होणाऱ्या गैरसोयीबद्दल खेद आहे. समरजितने वर भोंग्याकडे बघून हात जोडले. "अहो, खेद कसला? घरचंच स्टेशन आहे. आम्ही काय परके?"

उन्मेषरावांनी दुसरीकडे पाहिलं. अशा माणसांपासून ते जन्मभर लांब राहिले होते. बसमध्ये कुणी विनोदी निघालं तर ते जागा बदलत. पण इथे दुसरा बाक रिकामा नव्हता. अर्ध्या तासाने पुन्हा घोषणा आणि पुन्हा खेद. "बाईसाहेब, तुम्ही मनाला लावून घेऊ नका," समरजित म्हणाला. "जेवलात का?" तिसऱ्या वेळी गाडी चारला गेली. भोंग्यातली बाई तोच खेद त्याच आवाजात म्हणू लागली, आणि इतका वेळ गाढ झोपलेली समजलेली शाल एकदम हलली. कमळाबाईंनी तोंड बाहेर काढलं. त्या अगदी मायेने म्हणाल्या, "केव्हाची माफी मागतेय बिचारी. सम्या, जा, तिला सांगून ये. म्हणावं, झालं गेलं विसर पोरी. आम्ही काही मनात ठेवलेलं नाही."

उन्मेषरावांच्या पोटातून काहीतरी वर आलं. खोकला असेल, असं त्यांना वाटलं. पण ते हसू होतं. त्यांनी ते रुमालात दाबलं, ते नाकातून आलं. खांदे हलले, डोळ्यांत पाणी आलं, आणि बहुतेक पाचव्या-सहाव्या हसण्याला छातीतली शिट्टी वाजली.

डॉक्टर खोटं बोलले नव्हते.

ते पुढे वाकले, हात गुडघ्यांवर. हवा आत जात होती पण बाहेर येत नव्हती, बंद व्हॉल्व्हसारखी. त्यांना भीती वाटली नाही. काय करायचं ते माहीत होतं. खिशातला पंप काढला, एक फवारा निघाला, दुसऱ्याला नुसतीच फुस्स. ठीक आहे. बॅगेतला खोका काढला, झाकण उघडलं.

आत पंप नव्हता. चौकोनी घडी घातलेला कागद होता.

कचेरीत रमाकांतरावांची एक शिस्त होती. कपाटातून फाइल काढली की तिच्या जागी चिठ्ठी ठेवायची, म्हणजे शोधणाऱ्याला कळतं. निवृत्त होऊन चोवीस वर्षं झाली तरी घरात ते तसंच करत. बरणीतलं लोणचं नेलं तरी बरणीखाली चिठ्ठी. कागदावर त्यांचं घोटीव अक्षर होतं:

'उन्मेषचा दम्याचा पंप प्रस्थानात ठेवला आहे. सोमवार, सकाळी ९.४०. र. टि.'

उन्मेषरावांनी ते वाचलं. मग श्वास घ्यायचा सोडून आणखी एकदा वाचलं. 'दम्याचा' असंच लिहिलं होतं. काना, मात्रा, सगळं जागच्या जागी.

त्यांनी पुडक्याच्या गाठीला हात घातला. बोटं चालेनात. समरजितने पुडकं घेऊन सुतळी खेचायला सुरुवात केली, तशी गाठ आणखी आवळली. "दे इकडे," कमळाबाई म्हणाल्या. "गाठ ओढायची नसते, आधी ढकलायची असते." त्यांनी सुतळी ढिली केली, फडकं सोडलं. मूठभर तांदूळ, एक सुपारी, एक हळकुंड, आणि तांदळात आडवा ठेवलेला निळा पंप.

दोन फवारे. थांबून आणखी दोन. दहा-पंधरा मिनिटांनी छातीतली शिट्टी हळू झाली.

"दमा आहे होय?" शेवटी कमळाबाई म्हणाल्या.

उन्मेषरावांनी मान हलवली.

"मग बसतानाच सांगायचं की. त्या झाडणाऱ्या बाईला मी तेव्हाच थांबवलं असतं. अन् याचं तोंडही बंद केलं असतं."

श्वास बोलण्याइतका झाल्यावर त्यांनी घरी फोन लावला.

"नाना, पुडकं सोडलं."

पलीकडे भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं.

"लागला पंप?"

"लागला."

"आता बरा आहेस?"

"हो."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज. पंचांग असावं, किंवा नुसतंच काहीतरी. "तू विश्वामित्री ओलांडून स्टेशनवर गेलास ना?"

"रस्ता तोच आहे, नाना."

"मग हरकत नाही. आमचे आजोबा गावाची शीव नदीपाशीच धरायचे. स्टेशन शिवेबाहेर." घसा साफ केल्याचा आवाज. "शास्त्राप्रमाणे तू निघालेला आहेस. पुढे जायचं की नाही ते तुझं तू बघ."

समरजितचं मत स्पष्ट होतं. "भाऊ, घरी जा. तिकडे धुकं, थंडी. बारसं काय, फोनवर दिसतं."

समरजित खरं बोलत होता. छाती दुखत होती, आणि घर अर्ध्या तासावर होतं. उन्मेषरावांनी चिठ्ठीची घडी शर्टाच्या खिशात ठेवली, तांदूळ-सुपारी पुन्हा फडक्यात बांधली. स्टेशनबाहेरच्या औषधाच्या दुकानातून आणखी एक पंप घेतला आणि परत येऊन त्याच बाकावर बसले. घरी जावंसं वाटत नव्हतं. पुढे जावंसं वाटत होतं असंही नाही. पण बसेन म्हणाले होते.

गाडी पाच वाजता आली. सकाळी साडेपाचला ग्वाल्हेरला पोचायची ती दुसऱ्या दिवशी दुपारी चार वीसला पोचली. शेवटचे पाच तास ती पांढऱ्या भिंतीतून चालल्यासारखी चालली, आणि बऱ्याचदा नुसती उभी राहिली. कमळाबाईंनी डब्यातल्या दोघांना आपणहून सांगितलं की या साहेबांना दमा आहे, विड्या दाराशी जाऊन ओढा. ते मुकाट्याने गेले. हे इतकं सोपं असतं याचं उन्मेषरावांना नवल वाटलं. म्हणजे, नवलच असावं ते.

ते घरी पोचले तेव्हा पाचला दहा कमी होते. खोली माणसांनी भरली होती, मध्ये पाळणा. मोहनाबाईंनी त्यांना पाहिलं, आधी त्यांच्या छातीकडे आणि मग चेहऱ्याकडे, आणि पुढची खुर्ची दाखवली. आभाने लांबूनच डोळे मोठे केले: बसायचं. ते बसले.

आणि आभाच्या सासूबाई, सरोजिनीबाई, आतून धुरीची शेगडी घेऊन आल्या. निखाऱ्यांवर ओवा आणि धूप. बाळाला आणि बाळंतिणीला बरी असते म्हणून देतात. त्यांनी ती पाळण्याखाली, उन्मेषरावांच्या पायांपासून हातभर अंतरावर ठेवली. निळसर धूर सावकाश वर आला.

त्यांच्या पायांना उठायची सवय होती. ते त्यांना न विचारताच सरळ झाले. मोहनाबाई पदर सावरून मागच्या दाराची कडी काढायला वळल्याही. आभाने बापाला अर्धवट उठलेलं पाहिलं, आणि नजर पाळण्याकडे वळवली.

उन्मेषराव उभे राहिले. हात शर्टाच्या खिशावर गेला. तिथे कागद होता.

"सरोजिनीताई," ते म्हणाले, "ती शेगडी बाहेर न्यायला लागेल. मला दमा आहे."

मोहनाबाईंचा हात कडीवरच राहिला. सत्तावीस वर्षांत हा शब्द त्यांनी नवऱ्याच्या तोंडून ऐकला नव्हता.

"दमा?" सरोजिनीबाई म्हणाल्या. "सर्दी ना? लग्नात तुमचे वडील म्हणाले होते, जुनाट सर्दी."

"दमा. सहाव्या वर्षापासून."

"अहो, मग हे सांगायला तीन वर्षं?" त्यांनी पदराने शेगडी उचलली. "आम्ही समजलो, व्याह्यांना आमच्याकडचं जेवण आवडलं नाही. या आल्बमपायी मी किती बोलले असेन तुम्हाला." शेगडी अंगणात गेली. कुणीतरी खिडकी उघडली, गार हवा आली, कुणीतरी ती अर्धी लावली. मोहनाबाई कडी परत घालून नवऱ्याच्या शेजारी येऊन बसल्या.

बारसं झालं. आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितलं, मग मोठ्याने सांगितलं: ओवी. बायका पाळणा म्हणू लागल्या. तो पुष्कळ लांब होता. उन्मेषराव शेवटच्या कडव्यापर्यंत बसले. मग त्यांनी बाळाला मांडीवर घेतलं आणि सगळ्यांच्या देखत तिच्या छातीला कान लावला. बराच वेळ लावला. शिट्टी नव्हती.

आभा खाली वाकली. "कसं वाटतंय, बाबा?"

'ठीक' ओठांवर आलं होतं. ते तिथेच थांबलं. साबणाचं पाणी लावून झाल्यावर बसतात तसे ते जरा वेळ स्तब्ध बसून राहिले.

"थांब," ते म्हणाले. "बघून सांगतो."